पेव

आमच्या हरिपुरात हळद जमिनीखाली राहायची.
पंचवीस फूट खोल, अंधारात, न किडता.
आबा पेवात उतरायचे, पण लगेच नाही.
तोंड उघडून आधी नुसतं बसून राहायचे,
विडी न पेटवता.
मग दोरीला कंदील.
कंदील विझला तर माणूस उतरत नाही,
एवढं मला सातव्या वर्षी माहीत होतं.

शेवटी ओतलेली हळद आधी वर येते,
याला स्टॅक म्हणतात
हे कॉलेजात कळलं, एकोणिसाव्या वर्षी,
आणि वर्गात एकटीच हसले.

तोवर पुरानं पेवं बुजली होती.
आबा मार्केट यार्डात काट्यावर.

थर्ड इयरचा डिसेंबर.
जुना लॅपटॉप, बिजागरीला रबर,
चार्जर एकाच कोनात लागतो
आणि तो कोन मांजरालाही ठाऊक, तिथंच झोपतं.
पहाटे दोन कोडी, आधी वहीत, मग पडद्यावर.
दोन टोकांना दोन बोटं ठेवून
आकड्यांच्या रांगेत आत आत सरकत होते,
आबा मागून बघत म्हणाले,
"रुमालाखाली भाव ठरवालीस काय गं?"

सात अर्ज.
चार ठिकाणी नुसती शांतता.
दोन ठिकाणी खेद, एकाच साच्यातला.
सातव्या ठिकाणी मुलाखत:
"सुरभी मगदूम, मोठ्यानं विचार करा."
मोठ्यानं?
आमच्याकडं भावसुद्धा बोटांनी सांगतात.
वीस मिनिटं मी गप्प.
उत्तर सुचलं ते संध्याकाळी,
स्टँडवरून सायकल काढताना.
कुणाला सांगणार, सायकलला?

मग बोलायला शिकले.
गच्चीत, पाण्याच्या टाकीशी.
शेजारच्या काकू म्हणाल्या, पोरीचं कुठंतरी बिनसलंय.
मग आईशी. ती साडीला फॉल लावत होती,
मी सांगत होते: यादी घ्यायची,
पहिल्या नावापासून सुरू करायचं,
मोठं सापडलं की बाजूला ठेवायचं...
आईनं दात लावून दोरा तोडला.
"आणि यादीत कुणीच नसलं तर?"

मी वही मिटली.
खरंच की. कुणीच नसलं तर?

आठवा अर्ज पुण्याला. तिथं मी तासभर बोलले,
चुकले तेही मोठ्यानं चुकले.
मे महिन्यात बॅग भरली. आईनं हळदीची पुडी घातली,
ती फुटली, दोन शर्ट पिवळे.

पहिल्या दिवशी ऋजुता मॅडमनी एक फाईल दिली,
नऊ वर्षांची, चार हजार ओळींची.
"कधीकधी बंद पडतं. बघ. घाई नाही."
मी थेट उडी घेतली.
तीन दिवस मान हलवत राहिले, समजल्यासारखी.
रात्री खोलीत छातीवर काहीतरी बसायचं.
मग आठवलं, मी कंदील सोडलाच नव्हता.

चौथ्या दिवशी मॅडमच्या टेबलाशी गेले.
"हे कुणी लिहिलं? का लिहिलं?
हे नाव असं का?
आणि हे दोनदा का होतं?"
प्रश्नांचं नुसतं पेव फुटलं.
त्यांनी चहाचा कप बाजूला सारला, खुर्ची ओढली.
काही प्रश्नांना त्याही म्हणाल्या, "माहीत नाही गं,"
आणि मला एकदम हलकं वाटलं.

बंद पडायचं ते रविवारी.
रविवारी यादीत कुणीच नसायचं.

एक ओळ लिहिली. तिच्यासाठी तीन चाचण्या.
ऋजुता मॅडमनी दोन ठिकाणी नावं बदलायला लावली,
मग म्हणाल्या, जाऊ दे.
आणि ती गेली, माझी ओळ,
त्या चार हजारांत, न ओळखता येण्यासारखी.

घरी फोन केला.
आई म्हणाली, "एकच? आणि ह्याचे पैसे देतात?"
मी म्हटलं, "ती तुझीच आहे."
तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

आबांनी फोन घेतला.
बराच वेळ काट्यावरच्या साखळीचा आवाज.
"आत हवा कशी हाय?"

"आता बरी आहे," मी म्हटलं.
"पहिले तीन दिवस झाकण उघडलं नव्हतं."

"हं," म्हणाले,
आणि कुणाच्या तरी पोत्याचं वजन मोठ्यानं सांगू लागले.