एकशे त्रेपन्न आवर्तनं

पहिल्या बिदागीच्या रात्री
मला वाजवायचा होता फक्त ट्रायँगल,
एकदाच, शेवटून दुसऱ्या पानावर.
त्याआधी एकशे त्रेपन्न आवर्तनं
नुसतं उभं राहायचं.
ओठ न हलवता मोजत होते,
दहा-दहाचे गठ्ठे बांधत होते मांडीवर बोटांनी,
आई विल्यांदीच्या बाजारात
शेपूच्या जुड्या बांधते तसे.
सत्त्याण्णवला कुणीतरी खोकलं.
आता हे अठ्ठ्याण्णव की नव्व्याण्णव?
व्हायोलिनवाल्यांना असले प्रश्न पडत नाहीत.
त्यांना रिकामं बसायची सवयच नाही.

वाजवला.
जागेवर पडला म्हणाले.
बावन्न युरो, बसभाडं आपलं आपण.

बुधवारी, शुक्रवारी मी बाई असते.
तार्तूहून सहा चाळीसची बस,
पाठीवर काठ्यांची झोळी, मांडीवर स्नेअर,
बाळासारखा, पण तिकीट लागणारा.
संगीतशाळेनं मला तळघर दिलंय, बॉयलरच्या शेजारी,
कारण वर पियानो शिकवतात
आणि पियानोला आवाजाचा त्रास होतो.
सहा मुलं, चार रबरी पॅड.
उरलेली दोन मी टायर कापून केली,
अजून नखांना वास येतो.
सांगते : डावा हात उजव्याचा गडी नाही.
सांगते : काठीला मारायचं नसतं, सोडायचं असतं,
ती आपणहून परत येते.
उर्मो खिळा ठोकल्यासारखा ठोकतो.
त्याला गिटारवाल्यांच्या मागे बसायचंय, धुरात, दिव्यांत.
लीसू बोलतच नाही. टिंपनीवर कान टेकून
काहीतरी गुणगुणते, आणि चामडं
तिला उत्तर देतं. मी पाहिलंय.

रात्री उशीवर सराव करते.
तरीही खालच्या वाल्वेबाई
झाडूच्या दांड्यानं छत बडवतात.
लय बरी आहे त्यांची,
फक्त घाई करतात.

मार्चमध्ये रिगाला गेले.
एक जागा, एक्केचाळीस जण.
पडद्याआड वाजवायचं; जमिनीवर गालिचा,
टाचांवरून बाई की पुरुष कळू नये म्हणून.
मी सतरा नंबर.
आधी स्नेअरवरची ती ओळ, सगळ्यांना घाम फोडणारी :
इतकी हळू, की पत्र्यावर मोहरी सांडावी
आणि शेजारच्या खोलीत कळू नये.
हात बसलेला होता. तीन वर्षं बसवला होता.
पण अकराव्या मोहरीला
माझ्याच छातीचा ठोका मध्ये आला
आणि मी त्याच्यामागे गेले.
पडद्यापलीकडून : धन्यवाद.
दोन मिनिटं दहा सेकंद.
जायला-यायला नऊ तास.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार.
अंगात शिकवण्याचं त्राण नव्हतं,
आणि हे मुलांना कळू नये एवढीही ताकद नव्हती.
म्हटलं, काठ्या खाली ठेवा.
मी सांगेपर्यंत नुसतं ऐका.
वाटलं, अर्धं मिनिट टिकतील.
वर कुणाचीतरी स्केल चढत होती, घसरत होती.
मग तीही थांबली.
कुणीच हललं नाही.
मी घड्याळ बघायचं विसरले.

"बाई," उर्मो म्हणाला, चक्क कुजबुजत,
"बॉयलर तिसऱ्या ठोक्याला लंगडतोय."

खरंच लंगडत होता.
दोन वर्षं मी त्याच्याशेजारी उभी,
आणि मला फक्त ऊब माहीत.

लीसूनं एक काठी उचलली.
थांबली. पुन्हा थांबली.
आणि त्या लंगड्या जागेत
टायरच्या तुकड्यावर
एकच ठोका ठेवला, अलगद,
पायरी तुटलेल्या जिन्यात
कुणी वीट सरकवावी तसा.

तिचं मनगट ताठ होतं.
सांगायला हवं होतं, सैल सोड म्हणून.
पुढच्या बुधवारी सांगेन.