खालती खिरकी नाय

पुस्तकाला सुरुवातच नव्हती.
वाशीच्या रद्दीवाल्याने वजनावर दिलेलं,
थेट पान पंचवीसपासून:
एक फ्रेंच प्रोफेसर, एक लोखंडी जहाज
बर्फाखालून चाललेलं,
आणि त्याच्या भिंतीत जाड काचेची खिडकी.
भाषांतर जुनं. माशांची नावं लॅटिन,
शिव्या पुणेरी.

चांगामामाला वाचून दाखवायचे मी ते
दिवाळ्याच्या जेट्टीवर, कंपनीतून सुटल्यावर.
तो जाळ्याची भोकं सांधायचा,
आणि मधूनमधून फ्रान्सची.

प्रोफेसर अक्षांश सांगे, रेखांश सांगे,
पारा किती चढला ते सांगे.
मामा विचारी, "तिथ कंची?"
तिथी काही प्रोफेसर सांगत नसे.
"मंग भांग का उधान, यांना कलतं कसा?
सायेब घरान बसून लिवतंय गो."

मग एकदा, "जेवान कोन करतं जहाजान?"
मी बारा पानं पुढं चाळली.
होता. एक आचारी होता,
एका वाक्यात थाळी ठेवून निघून गेलेला,
बिननावाचा.
"बाबू ठेव त्याचा नाव," मामा म्हणाला.

तेव्हापासून प्रत्येक प्रकरणात मी बाबूला घालत गेले.
प्रोफेसर जेलीफिश मोजतोय, बाबू कांदा चिरतोय.
वर बर्फ करकरतंय, हवा संपत आलीय,
आणि बोंबील वाळवायला ऊन नाही म्हणून
बाबूनं थेट कप्तानाशी भांडण काढलंय.
मामा दोरा दातांत धरून हसायचा.
पुस्तक कुठं थांबतं आणि मी कुठं सुरू होते
ते त्याला कळत होतं.
कधी बोलला नाही.

शेवटी ती खिडकी आली.
पडदा सरकला, विजेचा झोत पडला,
पोवळ्यांची रानं, चांदीचे थवे,
अडीच पानं नुसता उजेड.

मामाचा हात थांबला.
"खालती खिरकी नाय, पोरी."

एकोणीस वर्षं तो खाडीपुलाच्या खांबांपाशी
तोंडाला हवेची नळी लावून उतरत होता,
कालवं खरवडायला, तडे चाचपायला.
वर येऊन इंजिनियरला सांगायचं:
एक वीत, वर तीन बोटं.
इंजिनियर ते मिलिमीटरमध्ये लिहून घ्यायचा.
खाली पाणी नव्हेच, पातळ चिखल.
"डोले वर ठेवून जावाचा. होरीन. चपलांबरोबर."

जरा वेळानं, माझ्याकडे न बघता,
"एक दिस सायकल लागली हाताला.
चाक. सीट. हँडल. मंग घंटी.
वाजवली."

वाजली?

"हाताला वाजली."

एवढंच. त्यानं गाठ मारली, दोरा तोडला.
खाडीवरून रोहित ऐरोलीकडे चालले होते,
प्रोफेसराच्या यादीत कुठंच नसलेले.

पुस्तकाला शेवटही नव्हता.
वाळवीनं कप्तान खाल्ला, अर्धा ध्रुव खाल्ला;
प्रोफेसर किनाऱ्याला लागला की नाही, देव जाणे.
बाबू लागला. ते मीच वाचलं, कोऱ्या पुठ्ठ्यावरून,
आणि मामानं मान डोलावली,
तिथ न विचारता.

दुसऱ्या दिवशी तुर्भ्याच्या लॅबमध्ये
नमुना क्रमांक चारशे सहा, खाडी, उत्तर बाजू.
बाटली उजेडाकडे धरली.
गढूळपणा: मोजमापाबाहेर.
रोज एवढं लिहून मी बाटली ठेवून देते.
त्या दिवशी धरून राहिले.
डोळे मिटले,
काचेवरून अंगठा फिरवत नेला
आणि हळूच दाबला,
घंटीची कळ असती तर जिथे असती
तिथे.