काउंटरची उंची

निकुंभ साहेबांनी नकाशा दिला नाही.
सातपूरच्या रिकाम्या गाळ्यात उभे राहिले,
तळहात छातीशी आडवा धरला :
"इथपर्यंत. माणसाला जरा मान वर करावी लागली पाहिजे."
मी कानामागची पेन्सिल काढली.
अठ्ठेचाळीस इंच.

नाशकात पूर असाच मोजतात,
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागला, कमरेला, छातीला.
वचकही तसा मोजता येतो
हे मला त्या दिवशी कळलं.

खाली कमर्शियल प्लाय.
दोन ठिकाणी तर अंबडच्या कंपनीतून भंगारात आलेल्या
खोक्यांच्या फळ्या, एकीवर अजून "वर" असा बाण होता,
तो मी उलटा बसवला.
वर सागाचं विनियर, पत्रिकेच्या कागदाएवढं जाड.
त्यावर रफिकचे पॉलिशचे सात हात.
शेवटचा हात मारताना तो श्वास धरायचा
आणि सोडताना म्हणायचा,
"पत अशीच चढते भाऊ. थरावर थर."

दार जड घ्या, साहेब म्हणाले,
ढकलायला जोर लागला की आत काहीतरी आहे असं वाटतं.
ठेवीदारांचा सोफा मऊ, बुडेल असा.
कर्जवाल्यांना लाकडी बाक, पाठ नसलेला.
आणि लॉकररूमचं पोलादी दार
रस्त्यावरून दिसलं पाहिजे, काचेतून, सरळ.
त्याच्यामागची मापं मीच घेतली होती :
दीड फूट खोल.
तिथे पुढे फिनेलचा डबा आला, पोछा आला,
आणि गेल्या वर्षीच्या कॅलेंडरांचा गठ्ठा.

उद्घाटनाला पहिल्या पाळीची माणसं आली,
हातात डबे, नखांत ऑइल.
दारात सगळ्यांनी चपला काढल्या.
पाटी नव्हती.
कोणी सांगितलं नव्हतं.
मी माझ्या बुटांकडे पाहिलं
आणि मीही काढले.

महिन्याने उरलेलं बिल मागायला गेलो.
बागूल बाईंनी पलीकडून चेकबुक उघडलं.
मी अलीकडे, हात काउंटरवर.
गार होता, गुळगुळीत.
बोट फिरवलं तर सांधा सापडेना,
माझाच सांधा, मलाच.
काय झालं कोण जाणे,
म्हटलं, राहू द्या, एफडी करा.
वर मंदाकिनीच्या बिशीचे चाळीस हजारही आणून दिले.

तिने रात्री भाकरी उलटता उलटता विचारलं,
"कोणाला विचारलंत तरी का?"
मी म्हणालो,
"काउंटर बघितलास का तू त्यांचा?"
ती माझ्याकडे बघत राहिली. भाकरी करपली.

आता शटर अर्धं वर असतं, मंगळवार-शुक्रवार,
अकरा ते एक.
एसी बंद. घाम आणि झेरॉक्सचा वास.
पोलादी दाराला कागद चिकटवलाय, त्यावर शिक्का.
रांगेत माझ्यापुढे रफिक.
आम्ही एकमेकांना ओळख दाखवत नाही,
म्हणजे दाखवतो, पण कामाबद्दल बोलत नाही.
चपला कोणी काढत नाही.

प्रशासकाचा पोरगा खुर्ची उंच करून बसलाय,
तरी त्याची हनुवटीच दिसते.
काउंटर अजून तेवढंच उंच आहे.
तेवढंच काम मी चोख केलं होतं.

कडेला, जिथे माणसं धरून उभी राहतात,
तिथे विनियर सुटलंय, ओठासारखं.
आतला प्लाय दिसतो, पिवळट.
मागची म्हातारी विचारते, "भाऊ, मिळतील का हो?"

मी उत्तर देत नाही.
माझा अंगठा आपोआप त्या कडेवर जातो,
सवय.
दाबलं की बसतं.
सोडलं की उठतं.