हातचा

जानेवारीत एकशे बारा.
आज, ऑक्टोबरच्या सत्ताविसाव्या सकाळी, साडेअठ्ठ्याहत्तर.
स्वयंपाकघराच्या दारामागे पेन्सिलनं मांडलेत सगळे आकडे,
हेल्काची उंची जिथे लिहायचो तिथेच.
तिचे वर चढत गेले, माझे खाली उतरत आले.
एकशे बारापाशी आमची गाठ पडलेली दिसते :
ती सहा वर्षांची, मी एक्कावन्नचा.

पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली पाच भोकं.
डॉक्टरीणबाई खूश.
कागद गिरणीतले सोबती म्हणतात,
उर्पो, वाऱ्याच्या दिवशी खिशात दगड ठेवत जा.
आणि मी रात्री पावाचं स्वप्न पडून जागा होतो,
पाणी पितो,
पुन्हा झोपल्यासारखं करतो.

आमच्या इमारतीखाली बॉम्बच्या भीतीनं खणलेलं तळघर आहे.
बॉम्ब आले नाहीत, म्हणून तिथे वजनं ठेवलीत.
मंगळवारी रायली असते. अडुसष्ट वर्षांची,
गुडघ्यांना लोकरीच्या पट्ट्या,
एके काळी दोन पुरुष उचलतील ते डोक्यावर धरायची.
तिला मी पोटाचा चिमटा काढून दाखवला.
"अजून दोन बोटं आहे."
"तेवढं माझ्या मांजरालाही आहे."
"मग थांबू कधी?"
तिनं दांड्याकडे हनुवटी केली.
"मेमध्ये नव्वद उचलत होतास.
परवा सत्तरला मान थरथरली.
काट्याला काय विचारतोस?
तो किती गेलं ते सांगतो,
कुठून गेलं ते नाही."

मी मान डोलावली
आणि घरी येऊन अंड्यातला पिवळा बलक काढून टाकला.

खरं सांगू? 'नको' म्हणायला
नऊ महिने लागले शिकायला.
आता 'हो' म्हटलं, तर तो एकशे बाराचा माणूस,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबून
चाव्या शोधल्याचं नाटक करणारा,
दाराबाहेर बूट काढून उभाच आहे.
सूज म्हणजे बाळसं नव्हे,
हे मला कुणी सांगायला नको.

मग नाव वर ओढायचा रविवार आला.
ओउलूच्या खाडीवर काठाकाठानं
बर्फाची साय धरू लागली की ओढावीच लागते.
दर साली एकटाच ओढतो.
चार ओंडके, एक दोर, एक शिवी.
गेल्या साली धापा टाकत, कण्हत,
पण ओढली होती.
यंदा दोर खांद्यावर घेतला,
टाचा वाळूत रुतवल्या,
आणि नाव
नुसती बघत राहिली माझ्याकडे.
दुसऱ्यांदा तेच.
तिसऱ्यांदा मीच ओढला गेलो तिच्याकडे.
दगडावर बसलो. बोटं गार,
काखेत घातली तरी गार.

शाळेत वजाबाकीला
पलीकडच्या घरातून हातचा उसना घ्यायचो.
नऊ महिने मी उसनंच घेत होतो तर,
मांड्यांकडून, पाठीकडून,
आणि दारामागे लिहित होतो कमाई म्हणून.

शेवटी शेजारच्या ओत्सोला हाक मारली. चौदा वर्षांचा,
हात बाह्यांपेक्षा लांब झालेले.
दोघांनी हिसका दिला, नाव वर आली.
"हलकी आहे की," तो म्हणाला.
नावेबद्दलच बोलत होता.

त्याला घरी घेऊन आलो.
सॅमनचं सूप, सायीसकट, राईचा पाव, वर लोणी.
त्यानं तीन वाडगे संपवले, मोजले नाहीत.
मी दुसरा घेतला
आणि चमचा हवेत धरून बसलो क्षणभर :
अंगी लागेल,
की अंगावर येईल?

कळेल मेमध्ये, बर्फ फुटल्यावर,
नाव पाण्यात लोटताना.
ओत्सो गेल्यावर दार ओढून घेतलं.
त्याच्या दुसऱ्या बाजूला, जिथे अजून काहीच नव्हतं,
खाली, गुडघ्याच्या उंचीवर,
वर भरपूर जागा सोडून
लिहिलं : सत्तर.