हमाली वगळून

वडकीच्या जिनिंगमध्ये, काट्याच्या खोलीत
माझा लॅपटॉप आणि सरकीचा वास.
बाहेर गाड्यांची रांग नाल्याच्या पुलापर्यंत.
लाईन साडेदहाला जाते,
पूर्ण बिल्डला चाळीस मिनिटं लागतात
आणि घड्याळात सव्वादहा.

सहा मोड्यूल आहेत. काटा, ओलावा, पावती,
गोदाम, हमाली, आणि संदेश,
जो फोनवर वजन कळवतो, टॉवर असला तर.
मला बदलायची होती फक्त पावती:
शेठना फर्मचं नाव ठळक हवं होतं.
मग एकेकाच्या नावाआधी उद्गारचिन्ह ठोकलं.
गोदाम नको. संदेश नको.
हमाली नको.

शाळेत कुरसंगे बाई सांगायच्या,
उद्गारचिन्ह शेवटी येतं, हर्षाला, शोकाला, अबब-ला.
इथं ते आधी येतं
आणि म्हणतं, तू बाहेर थांब.

चार मिनिटांत सगळं हिरवं.
मी चहा सांगितला.

दुपारी पुंजाराम मारबते आला,
भुवयांना कापूस, हातात पावती.
"मॅडम, हे मशीन मांगच्या सालचा भाव
काऊन देऊन राहिलं?"

भाव मी परवाच बदलला होता,
बैठक उठल्या उठल्या, याच खुर्चीत.
क्विंटलमागे बावीसचे अठ्ठावीस.
लिहिला होता. बांधला नव्हता.
पावतीला हमाली लागतेच;
समोर दिसली नाही तेव्हा तिनं कोठीत हात घातला
आणि मागच्या हंगामातली, बांधून ठेवलेली,
मुकाट्यानं उचलून आणली.
चूक कुठंच दिसली नाही.
एक लाल ओळ नाही.

लाईन नव्हती. बॅटरी एकतीस टक्के.
सगळी उद्गारचिन्हं पुसली, पुन्हा चालवलं,
सहाच्या सहा.
पुंजाराम दारात उकिडवा बसला,
ओळी वर सरकताना बघत.
"यात आमचं कोन्तं?"
"पाचवं."
"लय मांगं हाय बाप्पा."

बॅटरी नऊ असताना हमाली हिरवी झाली.
संदेश अजून चालूच होता.

पण सकाळपासूनच्या एकशे बारा पावत्या
छापून झाल्या होत्या, त्यांना कुठला बिल्ड.
मुनीमजींच्या खिशातला पेन मागून घेतला.
पुंजाराम एकेक पुढं सरकवत गेला.
पहिली, उईके, सात क्विंटल.
बावीस खोडून अठ्ठावीस,
शेजारी माझी सही.
दुसरी, ढोबळे.
तिसरीवर चहा सांडलेला,
आकडा लागत नव्हता.
त्यानं न बघता सांगितला.