चौदा ग्रॅम

कशावर हात ठेवणार, असं विचारलं तिनं.
काळा झगा, दोरीला लटकलेला चष्मा,
समोरच्या फळीवर पुस्तकं,
प्रत्येक आपापल्या कापडात गुंडाळलेलं.
माझं आडनाव वाचून तिनंच ठरवलं
आणि भगवं कापड उचललं.
तिचा दोष नाही.
'महानंदा' म्हणताना तीनदा ठेचकाळली होती बिचारी,
पुढची चौकशी करणार कधी.

आमच्या घरी गीता नव्हती, हे मी बोलले नाही.
बाबांच्या गळ्यात चांदीच्या करड्यात लिंग होतं
आणि बार्शीच्या दुकानात तराजू.
मी कार्ड मागितलं.
त्यावरचं नुसतं वाचायचं असतं,
वरच्या कुणाला साक्षीला न बोलावता.

माझ्या आधीच्या म्हाताऱ्यानं
मासेमारीच्या बोटींवर जन्म काढलेला.
बायबल त्यानं असं आवळलं होतं
की सोडलं तर दोर सुटेल, माणूस जाईल.
माझ्यानंतरची पोर, नाकात रिंग, विशीतली,
तिनंही कार्डच घेतलं, पण वाचलं फार सावकाश,
नोट उजेडाकडे धरून बघावी
तसा एकेक शब्द तपासत.

आणि मी?
'खरा निकाल' म्हणताना माझा घसा बसला.
कुणाला शब्द देत होते मी?
न्यायाधीश मान खाली घालून काही लिहीत होता.
त्याच्या डोक्यावर भिंतीत सिंह, आणि एक शिंगवाला घोडा,
घोड्याला साखळी.
बाहेर हंबर नदीवरून आलेले समुद्रपक्षी
कुणाच्या तरी चिप्सवरून भांडत होते.

पिंजऱ्यातल्या पोराचा कोट उसना.
बाहीवर दुकानाचं लेबल तसंच शिवलेलं.
चार दिवस मी ते लेबल बघत होते.

खात्री असेल तरच दोषी म्हणा,
न्यायाधीश म्हणाला.
बहुतेक, असावं, दिसतं तर तसंच,
हे चालणार नाही.

त्यानंतर त्या खोलीत आम्ही बारा जण काय बोललो
ते सांगायला कायद्यानं बंदी आहे.
खिडकी उघडत नव्हती, एवढं सांगते.

घरी आले. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून
त्याला लावलेलं असतं बाबांचं अर्ध्या किलोचं वजन.
दुकान विकलं तेव्हा मी एवढंच मागून घेतलं होतं.
बुडाशी शिसं, शिशावर सरकारी शिक्का,
वर्ष एकोणऐंशी.
रोज पायानं सरकवते मी ते.
त्या दिवशी उचललं.

दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानात,
शटर वर जायच्या आधी,
ज्या काट्यावर मी पावडरी तोलते
त्यावर ठेवलं.
चारशे शहाऐंशी.
काढलं. पुसलं. पुन्हा ठेवलं.
चारशे शहाऐंशी.

खोटं बोलू नये, हे मला ज्यांनी शिकवलं,
एका पेन्सिलीसाठी
भर पावसात मला शाळेत परत पाठवलं,
ते बाबा.
'दुसऱ्याची आहे ना? मग जा.'

लोखंड झिजतं, हे मला माहीत आहे.
तीस वर्षं, दिवसाला शंभर गिऱ्हाइकं.
गल्ल्याखालच्या खणात कानस असायची, हेही माहीत आहे.
अडकित्त्याला धार लावायला, म्हणायचे.
अडकित्ता आईचा होता.
आई सुपारी खायची नाही.

म्हणजे काय, की
ज्या हातानं साखर कमी दिली
त्याच हातानं मला काटा दिला?
की काटा कुठूनतरी आधीच आला होता,
बाबा फक्त वाटेवरचे,
निरोप नीट पोचवणारे
आणि त्यातलं थोडं स्वतःसाठी ठेवणारे?

खात्री आहे का, महानंदा?
मी स्वतःलाच विचारलं,
माझं नाव न अडखळता घेत.

नऊ वाजले. पहिली म्हातारी आत आली,
छत्री झटकत, हवेबद्दल बोलत.
तिच्या गोळ्या मी मोजल्या, पाच-पाचच्या रांगांनी.
अठ्ठावीस झाल्या.
पुन्हा मोजल्या.