नातेवाईक नसलेल्या दोन व्यक्ती

फॉर्म एकाच पानाचा.
डिग्बीच्या धक्क्यावर सूरेटबाईंचं मासळीचं दुकान आहे, तिथला.
शनिवार-रविवार, सकाळी सहा ते अकरा.
शिंपले धुवायचे, बर्फ फोडायचा,
गिऱ्हाईक आलं तर हसायचं.

एमेट पंधराचा. पेनचं टोपण चावतोय.
'अनुभव' या शब्दाखाली तीन ओळी रिकाम्या
आणि तो त्यांच्याकडे बघतोय
ओहोटीला चिखलात बसलेल्या होडीकडे बघावं तसा.

मी म्हणतो, लिही:
मर्टलच्या कोंबड्या सांभाळल्या, दोन हिवाळे.
तो म्हणतो, ते काय काम आहे?
अरे, उणे अठरात पहाटे उठून
भांड्यातलं गोठलेलं पाणी बुटाच्या टाचेने फोडायचं,
ताजं भरायचं, रोज, कुणी बघत नसताना,
ह्याला काम नाही तर काय म्हणतात?
त्याने लिहिलं. 'कुणी बघत नसताना' तेवढं गाळलं.
जागा नव्हती, म्हणाला.

मला तरी कुठे येतं हे?
अठ्ठावीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनात हात घालून जगलो.
पहिल्या कामाला मला मामाने कॉलर धरून नेलं होतं.
फॉर्म नव्हता. कॉलर होती.

मग मी सूरेटबाई झालो.
भांडी पुसायचा फडका खांद्यावर टाकला, खुर्ची फिरवून बसलो.
हात दे. असा नाही,
उधारी मागितल्यासारखा लगेच मागे काय घेतोस?
हं. काम का हवंय तुला?
'पैसे.'
असं तोंडावर नसतं सांगायचं.
'मग काय सांगू? शिंपल्यांवर माझा जीव आहे?'
बेसिनपाशी लोर्ना इतकी हसली
की साबणाचा फेस तिच्या कपाळाला लागला.

पैसे कशाला हवेत, हे मी विचारलं नाही.
विचारायचा हक्क मला आहे की नाही,
चार वर्षं एका छताखाली राहून अजून कळलेलं नाही.
दुधाचा डबा संपला की त्याच्यावर ओरडायचा हक्क आहे.
तो कधी मिळाला, आठवत नाही.

सगळ्यात खाली:
'नातेवाईक नसलेल्या, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन व्यक्ती.'
पहिली मर्टल. दुसरी सुचेना.
मी म्हटलं, माझं घाल की.
आडनावं वेगळी, कागदावर मी तुझा कुणी नाही,
लग्नाचं तर लोर्ना आणि मी
दरवेळी पुढच्या उन्हाळ्यावर ढकलत आलोय.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसा मीच सूचना नीट वाचली नव्हती.
'वेंडेल, नातेवाईक *नसलेल्या* लिहिलंय इथे.'
तेच तर म्हणतोय मी.
'मग तू त्यात बसत नाहीस.'
आणि बर्फाच्या मैदानावरच्या, स्केट्सना धार लावणाऱ्या
म्हाताऱ्या थिबोडोचं नाव लिहून मोकळा झाला.
थिबोडोच्या स्पेलिंगसाठी मला विचारलं.
मी एक अक्षर चुकीचं सांगितलं, नंतर कळलं.

सूरेटबाईंनी मर्टलला फोन केला म्हणे.
मर्टलला ऐकू कमी येतं.
चाळीस मिनिटं ती कोंबड्यांबद्दलच बोलली.

शनिवारी पावणेसहाला गाडी धक्क्याच्या अलीकडे उभी केली.
तो म्हणाला, इथेच. पुढे नको.
चुकीच्या दारातून आत गेला, माल उतरवायच्या.
मी हॉर्नवर हात ठेवला, वाजवला नाही.
धुकं जाड होतं, काचेला घासून जाईल असं.
तीन मिनिटांनी रबरी बूट फताक फताक वाजवत बाहेर आला,
खिडकीशी वाकला.
'दोन नंबर मोठे आहेत.'
पायातले जाड लोकरी मोजे मी तिथेच काढले
आणि खिडकीतून दिले.

घरी येईपर्यंत
ब्रेकवरचा पाय गार पडला होता.